खिशात मावणारा, सिम नसलेला ई-रीडर: घेण्यात अर्थ आहे का?

‘पॉकेट साइझ’ असं खोक्यावर छापणाऱ्या मंडळींनी आयुष्यात कधी खिसा शिवलेला नसावा. मी पोटापाण्यासाठी शिवते. त्यामुळे कुठलाही ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, हातात आला की आधी त्याला टेप लावते, मग बाकीचं बघते. पुरुषांच्या शर्टाचा छातीवरचा खिसा तयार झाला की साधारण साडेचार ते पाच इंच रुंद आणि पाच-साडेपाच इंच खोल असतो. अॅमेझॉनचा २०२४ चा साधा, सहा इंची पडद्याचा किंडल सव्वाचार इंच रुंद आणि सव्वासहा इंचांच्या आसपास उंच आहे. खिशात कोंबला तर जाईल, पण इंचभर डोकं वर काढून बसेल आणि कोपऱ्यांवरची टीप ताणेल. ओनिक्स बूक्सचा पाल्मा फोनसारखा उभट, १५९ मिलिमीटर उंच आणि ८० रुंद. रुंदीला प्रश्न नाही, उंचीला तोच इंच बाहेर, आणि वजन १७० ग्रॅम. एवढं वजन वरच्या खिशात ठेवून खाली पडलेली सुई उचलायला वाका, काय होतं ते कळेल. एक्सटीइंकचा एक्स४ मात्र ४.३ इंची पडद्याचा, वजनाला पाऊणशे ग्रॅमच्या आसपास. तो खरोखर आत जातो आणि आतच राहतो.

बाजूच्या शिवणीतल्या खिशाचं गणित वेगळं. तिथं खोली मिळते, पण सगळा भार एका शिवणीवर लोंबतो. पातळ कापडाला दीडशे ग्रॅम लावले की त्या बाजूचा घेर खाली ओढलेला दिसतो. खिशाची पिशवी वर कमरेला अडकवली तर ओढ कमी होते, पण तयार कपड्यांत ती मेहनत कोण घेतं? आणि बायकांच्या निम्म्या कपड्यांना मुळात खिसाच नसतो, हा राग वेगळ्या लेखात काढीन.

आता मूळ प्रश्न. फोन खिशात असताना दुसरं यंत्र कशाला, आणि तेही सिम न लागणारं? भाची मला हेच विचारते. "मावशी, फोनवर वाच ना. पडदा मोठा, रंगीत, सगळं आत आहे." सगळं आत आहे, हीच तर तक्रार आहे, बाई. माझं वाचन तुकड्यातुकड्यांत होतं. इस्त्री तापेपर्यंत दोन पानं, गिऱ्हाईक ट्रायल घालून बाहेर येईपर्यंत एक, मुंढ्याला बकरम चिकटवून ती गार होईपर्यंत अर्धं. एवढ्या वेळासाठी फोन उघडला की वर तीन निरोप असतात. त्यातला एक ‘गळा अजून खोल करा’ असतो, आणि पुस्तक तिथंच राहतं. ई-रीडर उघडला की शेवटचं वाक्य जिथं सोडलं तिथंच पान उभं असतं.

ते पान उभं राहतं ते या पडद्याच्या रचनेमुळे. ई इंक नावाच्या या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. खालून विजेचा दाब दिला की पांढरे वर येतात किंवा काळे, आणि एकदा आले की तिथंच बसून राहतात. ते धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना, आणि समोरचे दिवे लावले तर त्यांना. म्हणून बॅटरी संपली तरी शेवटचं पान पडद्यावर दिसत राहू शकतं. सिम घालण्यातली गोम इथंच आहे. ज्या यंत्राचा सगळा हिशोब ‘काही होत नसताना काही खर्च नाही’ यावर बेतलेला, त्यात तुम्ही असा रेडिओ घालता जो काही होत नसतानाही टॉवरशी बोलत असतो. टॉवर लांब असला की तो आवाज वाढवतो, म्हणजे बॅटरी आणखी खातो. मोठ्या यंत्रात मोठी बॅटरी घालून हे निभतं. खिशातल्या यंत्रात बॅटरीला जागाच किती? अँटेना, सिमचा कप्पा, मोडेम, हे सगळं त्याच चार-पाच इंचांत बसवायचं तर जाडी वाढते, वजन वाढतं, आणि खिशाची गोष्ट तिथंच संपते.

शिवाय पुस्तक म्हणजे असं किती मोठं? नुसत्या मजकुराचं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाईल, बहुतेक वेळा एक एमबीच्या आत असतं, मुखपृष्ठ भारी असेल तर थोडं वर. वाय-फायवर ते काही सेकंदांत उतरतं, आणि नंतर मी वाय-फाय आठवडा-आठवडा बंद ठेवते. एकदा भरलेली पुस्तकं मला महिनोन्महिने पुरतात. रोज नवं पुस्तक रस्त्यात उभं राहून विकत घेणारा वाचक असेलही, पण तो माझ्या ओळखीचा नाही.

मात्र सुरुवात उलट्या बाजूने झाली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये पहिला किंडल आला तेव्हा त्याची मोठी जाहिरात हीच होती की कॉम्प्युटर नको, केबल नको, पुस्तक हवेतून येईल. त्यात स्प्रिंट या अमेरिकन मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर चालणारी सेल्युलर सेवा होती, तिचा खर्च अॅमेझॉन उचलत असे, आणि वाय-फाय अजिबात नव्हतं. त्या काळात ही खरीच सोय होती, नावं ठेवायचं कारण नाही. सोनीने २००९ मध्ये नेमका उलटा विचार केला. पाच इंची ‘पॉकेट एडिशन’ काढली, तिच्यात सेल्युलर नाही आणि वाय-फायही नाही. पुस्तक घालायचं तर केबल. त्या वेळी अनेकांना ते मागासलेलं वाटलं असणार.

पुढे काय झालं बघा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ साली थ्रीजी बंद केलं. त्याच्या आदल्या वर्षीच अॅमेझॉनने जुन्या किंडलवाल्यांना कळवलं होतं की तुमची सेल्युलर जोडणी जाणार. ज्यांच्यात वाय-फायही होतं ते तरले. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या किंडलमध्ये वाय-फाय नव्हतंच, ते केबलवर आले. म्हणजे शेवटी सोनीच्या त्या ‘मागासलेल्या’ यंत्राच्या पंगतीत येऊन बसले. त्या सोनीत पुस्तक घालायला तेव्हा केबल लागायची, आजही केबलच लागते, आणि कुठल्या टॉवरने काय बंद केलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. खुद्द अॅमेझॉननेही २०२१ च्या पेपरव्हाइटपासून सेल्युलरचा पर्याय काढून टाकला. ज्यांनी ही कल्पना रुजवली त्यांनाच ती आता नको झाली, तर आपण कशाला रडायचं?

तरी नुसतं सिम नाही म्हणजे यंत्र आपल्या ताब्यात, असं समजू नका. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अॅमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून केबलने किंडलमध्ये घालायची सोय बंद केली. दुसरीकडून मिळालेली फाईल अजून केबलने जाते, पण त्यांच्या दुकानातलं पुस्तक बहुतेक वेळा वाय-फायनेच येतं. म्हणून मी सिम आहे की नाही यापेक्षा एक वेगळाच प्रश्न विचारते: फाईल आत कशी जाते? केबल लावली की यंत्र पेनड्राइव्हसारखं उघडतं का? ईपब सरळ टाकता येतं का? मेमरी कार्ड निघतं का? या तिन्हींना ‘हो’ असेल तर ते यंत्र पुष्कळ वर्षं टिकेल. सोबत कॉम्प्युटरवर कॅलिबर हे ई-पुस्तकं सांभाळायचं सॉफ्टवेअर टाकून घ्या. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीचा रीडर लिनक्सवर चालत नाही म्हणून ते लिहायला घेतलं होतं, आणि आज ते नसतं तर माझ्यासारखीचा निम्मा दिवस फाईलींचे प्रकार बदलण्यात गेला असता.

आता गैरसोयी, कारण त्या आहेत आणि दुकानदार सांगत नाही.

पहिली, वाय-फायचं लॉगिन पान. स्टेशन, हॉटेल, दवाखाना, कुठेही मोफत वाय-फाय जोडलं की ब्राउझरमध्ये एक पान उघडतं आणि नाव-नंबर विचारतं. छोट्या ई-रीडरमध्ये ब्राउझर नसतो, असला तरी नावापुरता. यंत्र म्हणतं ‘जोडलं’, पुस्तक काही येत नाही. तिथं फोनचा हॉटस्पॉटच कामाला येतो. आणि हॉटस्पॉटही पाच गिगाहर्ट्झवर ठेवलेला असेल तर पुष्कळ छोट्या यंत्रांना तो दिसतच नाही, त्यांना फक्त २.४ कळतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बदलावा लागतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी, कार्ड. ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड विकत आणलं की ते बहुधा एक्सफॅट नावाच्या साठवणीच्या पद्धतीत बांधलेलं असतं, आणि काही यंत्रं फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचतात. पुस्तकांसाठी एवढं मोठं कार्ड लागतही नाही, ८ जीबीत इतकी पुस्तकं बसतात की ती वाचायला दुसरा जन्म घ्यावा लागेल. केबलचंही बघा: घरातल्या निम्म्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून फाईल जात नाही. अशी एक केबल मी कात्रीने सरळ कापून टाकली, पुन्हा कुणी ती हातात घेऊ नये म्हणून.

तिसरी गोष्ट मराठी वाचणाऱ्यांसाठी सगळ्यांत मोठी आहे, आणि ती इंग्रजी परीक्षणांत तुम्हाला मिळणार नाही. देवनागरी अक्षरं नुसती एकापुढे एक मांडून चालत नाहीत. ‘कि’ लिहिताना फाईलमध्ये आधी क असतो आणि मग वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसायला हवी. ‘र्म’ मधला र उडून डोक्यावर बसायला हवा. ‘ष्ट्र’ तर तीन व्यंजनं एकत्र. हे काम करणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. किंडल आणि अँड्रॉइडवर तो असतो. पत्त्यांच्या जोडाएवढ्या अगदी छोट्या यंत्रांत चिपच इतकी साधी असते की फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बनवणारे तो बऱ्याचदा सोडून देतात. मग वेलांटी क च्या मागे लोंबते, जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी राहतात. अशाच एका यंत्रावर मी मराठी पुस्तक उघडून पाहिलं (नाव घेत नाही, बाकी ते गोड आहे). चार ओळींत डोळे थकले. पुस्तकाचं नाव देवनागरीत असेल तर यादीत नुसते चौकोन. फाईलींना रोमनमध्ये नावं द्यावी लागली.

म्हणून घेण्याआधी एक चाचणी करा. एक साधी फाईल बनवा आणि त्यात हे शब्द लिहा: वाऱ्यावर, तऱ्हा, राष्ट्र, स्त्री, किर्र, दुर्लक्ष, कृष्ण. ‘वाऱ्यावर’ मधला तो अर्धा, आडवा र खास आपला आहे. हिंदी चाचणीत पास झालेलं यंत्रही तिथं अडखळू शकतं. मग अक्षर लहान करत जा आणि ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ वेगळे दिसणं कुठे थांबतं ते बघा. पडद्याची घनता इथं कळते. इंचाला ३०० ठिपके असलेल्या पडद्यावर मी अक्षर बऱ्यापैकी बारीक करू शकते. २२० च्या आसपास आले की एक पायरी मोठं करावंच लागतं. इंग्रजीला फारसा फरक पडत नाही, पण आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळीला मुळातच जास्त उंची लागते. चार इंचांच्या पडद्यावर मला आठ-नऊ ओळी मिळतात. बटण दाबदाबून अंगठा दुखतो, वाक्याचा शेवट पुढच्या पानावर जातो, आणि लांब परिच्छेदांचा लेखक असेल तर परिच्छेद तीन पानांवर विखुरतो. पाच इंचांवर हे सुसह्य होतं. माझ्या मते मराठीसाठी खालची हद्द पाच इंच आहे. त्याखाली कविता आणि छोटे लेख, बस.

पीडीएफचं नाव काढू नका. मोफत मिळणारी कितीतरी मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, त्यांतली बरीचशी स्कॅन केलेली, म्हणजे पानाचा फोटोच. मोठ्या पानाचा तो फोटो पाच इंचांत दाबला की मुंग्या दिसतात. पान कापून, अर्धं अर्धं करून वाचायची सोय कोरीडर या वाचनाच्या अॅपमध्ये चांगली आहे, पण तो खटाटोप इस्त्री तापेपर्यंत होत नाही.

आता अँड्रॉइडच्या उभट यंत्रांबद्दल, कारण हल्ली ‘खिशातला ई-रीडर’ म्हटलं की लोक तेच दाखवतात. माझ्याकडे त्यातलं एक आहे, आणि एक जुना पाच इंची, अँड्रॉइड नसलेला. उभटवर पडदा देखणा, समोरचे दिवे मऊ, अक्षरं सुबक, मराठी बिनचूक, हवं ते वाचनाचं अॅप घाला. सिम नाही. तरी महिन्याभरात त्यात मेल आलं होतं, मग बातम्या, मग ‘फक्त एकदा बघायला’ म्हणून निरोपांचं अॅप. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर व्हिडिओची मजा नाही, एवढीच काय ती राखण. माझा फोन शेजारच्या टेबलावर हॉटस्पॉट घेऊन बसलेला, आणि हे यंत्र त्याचं दूध पिऊन दुसरा फोन झालेलं. म्हणजे सिम नसणं हे काही कुंपण नव्हे. कुंपण आहे ते यंत्राच्या मठ्ठपणाचं. जुना पाच इंची मठ्ठ आहे. त्याला पुस्तक सोडून काहीच कळत नाही, आणि म्हणून तोच उशाशीही असतो आणि मशीनच्या खणातही.

त्यात दोष भरपूर आहेत. पान उलटलं की मागच्या पानाची सावली राहते, दर थोड्या पानांनी पडदा काळा-पांढरा चमकवून ती पुसावी लागते. समोर दिवा नाही, म्हणून रात्री मशीनच्या दिव्याखालीच सरकून बसावं लागतं. कडेचं एक बटण दाबायला आता दोनदा विनवणी लागते. पण आत जे आहे ते आत आहे.

बूक्सने २०२५ मध्ये पाल्मा २ प्रो काढला, त्यात मोबाइल डेटासाठी सिमची सोय दिली. फोन नकोच, ई इंकवरच सगळं करायचं, अशा लोकांना तो आवडेल, त्यात वावगं काही नाही. फक्त त्याला ई-रीडर म्हणू नका. तो शांत पडद्याचा फोन आहे, फोनसारखाच वरचेवर चार्जरला बांधला जाणार, आणि त्याच्यावर फोनसारखेच निरोप येणार.

कुणी घेऊ नये? ज्यांना मोठं अक्षर लागतं त्यांनी घेऊ नये. चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाच्या हातात पाच इंची यंत्र देणं म्हणजे ओळीला चार शब्द देणं. सलग दोन-दोन तास पलंगावर पडून वाचणाऱ्यांनी सहा-सात इंची घ्यावा, खिशाचा नाद सोडावा. अभ्यासाची, तक्त्यांची, आकृत्यांची पुस्तकं वाचणाऱ्यांनीही नाही. आणि ज्यांच्या फोनवर पुस्तक उघडलं की खरोखर पुस्तकच उघडं राहतं, अशा संयमी माणसांना तर काहीच नको. त्यांना माझा नमस्कार.

बाकी आमच्यासारख्यांनी घ्यावा: पाच ते साडेपाच इंची, ३०० च्या जवळपास घनतेचा, समोर दिवे असलेला, पान उलटायला कडेला खरी बटणं असलेला, केबल लावली की फोल्डर उघडणारा, अँड्रॉइड नसलेला. अडचण अशी की या सगळ्या अटी पुऱ्या करणारं यंत्र बाजारात शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. कंपन्यांनी एक तर पत्त्यांचा जोड बनवलाय नाहीतर फोन. कोबोने २०१२ मध्ये पाच इंची ‘मिनी’ काढला होता, १३४ ग्रॅमचा, दिवा नसलेला, पण बाकी आकार असा की मी त्याच्या मापाने खिसा बेतला असता. त्याचं पुढचं रूप त्यांनी काढलंच नाही. तोच आज चांगला पडदा आणि दोन बटणं लावून परत आणला तर भाचीच्या नाकावर टिच्चून मी घेईन. तोवर माझ्या जुन्याचं ते रुसलेलं बटण उघडून साफ करायचं बघते. स्क्रू इतका बारीक आहे की मशीनच्या बॉबिन केसला वापरते तोच पेचकस लागतो.